पंचेचाळीस दिवस

रानडुकरांसाठी घेतलेली परवान्याची बंदूक चामटोलीच्या कमळाकरने विकायला काढली. मुलगा प्रेम जागेच्या व्यवहारांत पडला होता आणि कुणाशी वाजलं की "घरून बंदूक आणतो" म्हणायचा. अशी बंदूक फक्त परवानाधारकालाच विकता येते, आणि पोलिसांना लेखी कळवल्यावर पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. तेवढे दिवस कमळाकर कपाटाची किल्ली कमरेला बांधून वावरला.

"आजून किती दिस?" बायको नूतन रोज विचारायची.

सेहेचाळिसाव्या दिवशी गिऱ्हाईक पोलीस ठाण्यात आलं, उल्हासनगरचे लालवाणी. दोघांचे परवाने तपासले गेले, नोंदी झाल्या, सह्या झाल्या. कमळाकरने तिथूनच घरी फोन केला. "गेली एकदाची. आता पोटभर जेव."

बाहेर टपरीवर चहा घेताना बंदुकीची लांब पिशवी लालवाणींच्या मांडीवर होती. कमळाकरला इतकं हलकं वाटत होतं, की त्याने सहज विचारलं, "शेठ, तुमच्याकडं पन डुकरांचा तरास हाय का?"

"डुक्कर कुठले, काका! वांगणीला माझा प्लॉट आहे. एक पोरगा सारखा येऊन धमकी देतो, खाली कर नाहीतर ठोकतो. म्हणून तर लायसन्स काढलं. आता येऊ दे त्याला. मी पण सोडणार नाही."

लालवाणींनी चहा संपवला आणि पिशवी खांद्याला लावली.



"तुमच्याच चामटोलीचा आहे. प्रेम म्हणतात त्याला. ओळखता का?"