चावीचं घड्याळ

कडेगावच्या मावशींनी पेटीतून नवऱ्याचं जुनं मनगटी घड्याळ काढलं. “मालक कुणाला हात लावू देत नव्हतं. ते गेलं आन् दुसऱ्या दिवशी ह्येबी बंद पडलं. मेलेलं कशाला ठिवू? घिऊन जा.” अशी घड्याळं विकत घेत मी फिरतो; बघताच कळलं, याला कुणी चावी दिली नव्हती, एवढंच. तरी भंगाराच्या भावात घेतलं. त्या चहा टाकायला गेल्यावर राहवेना, चावी फिरवली. टिकटिक सुरू झाली. पावलं वाजताच ते शर्टाच्या खिशात टाकून वर तळहात दाबला. चहा डाव्या हातानं घेतला. “चालू असतं तर इकलं नसतं,” त्या म्हणाल्या. त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. “छातीत दुखतंय व्हय, लेकरा? थांब, ओवा आणते.” त्या वळताच मी गाडी ढकलत बाहेर काढली. कोपऱ्यापर्यंत किक मारायचा धीर झाला नाही.