मोठ्या बाईंची सही

"बादली उपडी ठेवली आहे," न्हाणीघरातून बाहेर येत आई म्हणाली. "इथे शिस्त दिसते."

मुलीचा जीव भांड्यात पडला. अल्झायमरच्या रुग्णांना कायमचं ठेवून घेणारी ही सातवी जागा. आधीच्या सहा जागांवर आईने फुली मारली होती. कुठे पायपुसणं ओलं, कुठे मावशींचा आवाज चढा. आईने तीस वर्षं मुलींचं वसतिगृह चालवलं होतं. तिथे सगळे तिला 'मोठ्या बाई' म्हणत. वसतिगृह केव्हाच बंद झालं, पण आईच्या डोक्यात ते अजून सुरू होतं. ओळीने खाटा दिसल्या की तिची तपासणी सुरू होई. मुलगीही त्याच तपासणीच्या भरवशावर जागा निवडत होती, कारण त्या बाबतीत आईची नजर अजून शाबूत होती.

मुलीला वेगळीच गोष्ट खात होती. चार वर्षांपूर्वी, आजाराचं नाव कळलं त्याच दिवशी, आईने तिला बजावलं होतं की मला कुठेही ठेव, पण माझ्या संमतीशिवाय नको. मुलीने शब्द दिला होता. मग गॅस उघडा राहू लागला. आई दोनदा घराचा रस्ता चुकली. आज विचारू, उद्या विचारू करता करता विचारायचं राहूनच गेलं, आणि आता विचारायचं तरी कुणाला? गेलं वर्षभर आई तिला 'अहो' म्हणत होती.

कचेरीत व्यवस्थापक बाईंनी प्रवेशअर्ज पुढे ठेवला आणि त्या शिक्का आणायला आत गेल्या. भाऊ निम्मा खर्च देणार होता. आपल्या वाट्यासाठी मुलीने घराचा वरचा मजला भाड्याने दिला होता. तरीही अनामत रकमेचा आकडा वाचून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात आई उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि व्यवस्थापक बाईंच्या खुर्चीत ऐसपैस बसली. तिने चष्मा लावला आणि अर्ज आपल्याकडे ओढला.

"फी जड जातेय का?"

"थोडी," मुलगी म्हणाली.

"मग सांगायचं तसं. चार हप्ते करू."

व्यवस्थापक बाई शिक्का घेऊन दारात उभ्या होत्या. मुलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मात्र मुकाट्याने पुढे आल्या, खुर्चीशेजारी कारकुनासारख्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, करू की बाई, चार हप्ते. नुसतं म्हणाल्या नाहीत, अर्जाच्या कोपऱ्यात तसं लिहून खाली शिक्काही मारला. मुलीला त्यांचे पाय धरावेसे वाटले. तिचे डोळे भरून आले.

"रडू नका," आई तिला म्हणाली. "पहिल्या दिवशी मुली रडत नाहीत तेवढे पालक रडतात. कशी आहे तुमची मुलगी?"

मुलीने डोळे पुसले. हट्टी आहे, तिने सांगितलं. गार चहा पीत नाही. चादरीला सुरकुती चालत नाही. माणसांवर रागावते फार, पण कुणाला उपाशी झोपू देत नाही.

"गुणाची आहे की मग."

"हल्ली सगळं विसरते."

"विसरू दे. लक्षात ठेवायला आम्ही आहोत ना इथे."

व्यवस्थापक बाईंनी मान हलवली. मुलीने दोघींकडे पाहिलं. किती दिवसांनी तिला एवढं हलकं वाटत होतं. मग चार वर्षं घशात अडकलेला प्रश्न तिने एकदाचा विचारला.

"बाई, तिला इथे ठेवायला तुमची संमती आहे?"

आईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. हे काय विचारणं झालं, असा तिचा चेहरा होता. तिने पेन उचललं आणि तीस वर्षं लेकीबाळींच्या अर्जांवर उमटलेल्या त्याच ठाशीव अक्षरांत स्वतःच्या अर्जावर लिहिलं : प्रवेश दिला.