पाहिल्याची तारीख

मुलीनं जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, हे उघडायचं कसं?"

मॅडम कॉलेजात पहिल्या वर्षाला निबंधलेखन शिकवत. मुलं पाठीमागे त्यांना 'पान नंबर' म्हणत, कारण निबंधात कुणाचंही वाक्य आलं की समासात लाल शाईनं तेवढंच विचारलेलं असे. मूळ पुस्तक स्वतः न पाहता वाक्य उचललं, तर सरळ भोपळा. या मुलीलाही तो मिळाला होता. चार वाजेपर्यंत मूळ पाहून निबंध पुन्हा दिला नाही, तर तिचा विषय राहणार होता. साडेतीन वाजून गेले होते.

वाक्य तिनं मॅडमनीच लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून घेतलं होतं. चौदाव्या पानावर नमुन्याचं कार्ड छापलं होतं : पुस्तकाचं नाव, पान दोनशे बारा, 'स्वतः पाहिल्याची तारीख' म्हणून सव्वीस वर्षांपूर्वीची एक तारीख, आणि खाली वाक्य : 'जो भरपूर वाचतो, तो आपोआप चांगलं लिहितो.' दरवर्षी पहिल्या तासाला मॅडम ते फळ्यावर लिहीत आणि त्यासाठी आपण ग्रंथालयाच्या तळघरात कशा शिरलो, ते अगदी रंगवून सांगत.

मुलगी त्याच तळघरातून आली होती. बाह्यांना धूळ लागली होती. ग्रंथपाल म्हणाले की प्रत ही एकच, आणि मागच्या देवघेवीच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नाही, असं तिनं सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता. तिला फक्त पान हवं होतं.

मॅडमनी पुस्तक हातात घेतलं. जुनी बांधणी होती. छापलेला कागद घडी घालून तसाच शिवायचा आणि कडा वाचणाऱ्यानं कापून घ्यायच्या, अशी. दोनशे अकरानंतर एकदम दोनशे चौदा दिसत होतं. मधली दोन पानं घडीच्या आत बंद होती.

मॅडमचे कान तापले. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांचा स्वतःचा प्रबंध द्यायला दोन दिवस उरले होते आणि तळघराची किल्ली मिळाली नव्हती. वाक्य त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी प्रबंधातून घेतलं, तारीख मनानं ठोकून दिली. पुढं वर्गात सांगता सांगता त्यांना स्वतःलाही ती गोष्ट खरी वाटायला लागली होती.

"तुम्ही दुसरीकडची प्रत पाहिली असेल ना?" मुलगी म्हणाली.

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मॅडम ती हलवणारही होत्या. पण मुलीनं तेवढ्यात पेन उघडलं आणि ग्रंथालय कुठलं ते विचारलं. कार्डावर लिहावं लागेल, म्हणाली. तिला तसंच शिकवलं होतं.

"दुसरी प्रत नाही," मॅडम म्हणाल्या. "मी हे पान पाहिलेलं नाही."

मॅडमनी खणातून स्टीलची पट्टी काढली, घडीत सरकवली आणि हळूहळू कड कापत नेली. पान उघडलं. चौथ्या ओळीत वाक्य होतं, जसंच्या तसं. मॅडमना हायसं वाटलं, पण मुलीचं बोट पुढं सरकलं होतं. ती मोठ्यानं वाचू लागली.

"'असं शाळाखात्यातले लोक सांगतात. मला तसा एकही माणूस अजून भेटलेला नाही.'"

मुलीनं घड्याळाकडे पाहिलं. सगळा निबंध उलटा लिहावा लागेल, ती म्हणाली. उद्या दे, असं मॅडमनी सांगितलं. मुदत त्यांनी आजवर कुणाला वाढवून दिली नव्हती, आणि हे दोघींनाही माहीत होतं.

मुलीनं कोरं कार्ड काढलं. पुस्तकाचं नाव लिहिलं, पान लिहिलं, तारीख घातली.

मॅडमनी लाल पेनाचं टोपण काढलं, मार्गदर्शिकेचं चौदावं पान उघडलं आणि छापलेल्या तारखेवर आडवी रेघ मारली.

"आज कितवी तारीख आहे गं?" त्यांनी विचारलं.