जून भोपळा

शाळेच्या स्वयंपाकघरात भोपळे यायचे ते नदीकाठच्या मावशीच्या मळ्यातून. ते उतरवून घेताना आचाऱ्याचा दर वेळी एकच हेका, "बाकीचे कोवळे चालतील मावशी. पण एक अगदी जून आणा, वेलावरच पिकून टणक झालेला."

"तुझी जीभच जून झालीय रे मेल्या," मावशी म्हणायची. आणि तरी आणायची.

यंदा नदी मळ्यात शिरली. वेल गेले, मांडव गेला, आणि सासूने हाती दिलेल्या बियाण्याचा डबाही गेला. तसलं बी बाजारात कुठे मिळेना. शेवटी मावशी रिकाम्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आता दुसरं कुणी बघ बाबा. माझ्या भोपळ्याचा वंशच बुडाला."

हात पुसत आचाऱ्याने चुलीच्या वरच्या फळीवरून एक बरणी काढली. आत राखेत घोळलेलं टपोरं बी गच्च भरलं होतं.

"अगं बाई, हे तर माझंच!"

"तुमच्याच जून भोपळ्यांचं. एवढी पोरं तुमच्या मळ्यावर जेवतात, मावशी, आणि बी मात्र एकाच घरात? माझ्या जिवाला घोर लागायचा."

मावशीने ओंजळभर बी घेऊन डोळ्यांना लावलं. मग त्यातलं निम्मं पुन्हा बरणीत सोडून झाकण घट्ट बसवलं.

"हे इथेच राहू दे. आणि मेल्या, पुढच्या हंगामापासून जून भोपळे दोन आणीन."