कंपनीचं कार्ड

"सुरय्याबाई, परीक्षेला दहा मुली बसल्या तरच टायपिंगचा वर्ग राहील, नाहीतर तुम्हीही घरी!" प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत सुनावलं. पिंपरीतल्या कंपन्या परीक्षेआधीच मुली उचलत होत्या आणि आता वर्गात उरल्या होत्या मोजून दहा. त्यातच कॉलेजच्या पत्त्यावर त्या दहातल्या कस्तुराच्या नावाचं कंपनीचं कार्ड येऊन थडकलं: 'सोमवारी कामावर हजर व्हा, नाहीतर जागा दुसरीला देऊ.' परीक्षा तर गुरुवारी! बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि कार्ड पर्समध्ये कोंबलं.

गुरुवारी दहाच्या दहा मुली परीक्षेला बसल्या.



"बाई, वाचला की आपला वर्ग!" कस्तुरा नाचतच आली. "आता तेवढं कंपनीचं कार्ड आलं, की आमच्या आईची वीटभट्टी सुटली बघा!"