जाईबाईंची झील

समितीच्या टेबलासमोर एकच खुर्ची ठेवली होती आणि जाईबाई तिच्यावर बसायला तयार नव्हत्या.

"झील बसून धरत न्हायत, मॅडम," त्या म्हणाल्या आणि आबाराव शाहिरांच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. भीमजलशात सगळी हयात त्यांनी तिथंच काढली होती. शाहिरानं ओळ म्हणायची, जाईबाईंनी ती मागून उचलायची, हीच झील.

आबारावांना शासनाचं कलावंत मानधन केव्हाच सुरू झालं होतं. जाईबाईंचा अर्ज मात्र याच समितीनं एका ओळीत उडवला होता: मागे उभे राहून साथ करणे ही कला नव्हे. बाई चिडल्या आणि येरमाळ्याहून थेट हायकोर्टात गेल्या. त्या कलाकार आहेत की नाहीत, यात कोर्ट पडलं नाही. ते समितीनंच ठरवावं. पण आधी बाईंचं म्हणणं ऐकावं आणि जे ठरेल त्याचं कारण लिहावं, असं सांगून कोर्टानं जुना निर्णय रद्द केला. गल्लीनं तेवढ्यावरच पेढे वाटले. जाईबाईंनीही दोन खाल्ले. मानधनाचं पुढं बघू, तो नकार तर निकालात निघाला, याचाच त्यांना मोठा आनंद होता.

"म्हणा, आजी," अध्यक्ष महेश्वरी मॅडम म्हणाल्या.

जाईबाईंनी आबारावांच्या पाठीकडं बघितलं.

"अहो, म्हणा ना काहीतरी."

"पहिली वळ म्या कशी म्हणू? ती शाहिरांची हाय."

लेखनिक रेवणप्पांनी कपाळाला हात लावला. हायकोर्टापर्यंत भांडून आलेली बाई, इथं येऊन तोंड उघडेना!

शेवटी आबारावांनी कानावर हात ठेवला. "उचल गं पाटी, लेकी..." थकलेला आवाज तिथंच फाटला. मॅडमनी संकोचून नजर खाली केली. तेवढ्यात मागून जाईबाईंनी झील धरली, "शाळंला चल गं, शाळंला चल!" म्हातारा एकदम ताठ झाला. ओळीमागून ओळ खणखणीत येऊ लागली. रेवणप्पांची बोटं टेबलावर ठेका धरायला लागली, तरी त्यांना कुणी अडवलं नाही.

"आजी, तुम्ही जरा थांबा," मॅडम म्हणाल्या. "शाहीर, पुढचं कडवं एकटेच म्हणा."

आबारावांनी ओळ घेतली. ती संपली तशी सवयीनं त्यांची मान मागं वळली. मागं शांतता होती. दुसरी ओळ त्यांनी अर्ध्यावरच सोडली आणि ते मोकळेपणानं हसले.

"न्हाय जमत, मॅडम. लोकं मला शाहीर म्हणत्यात, पण मागं ह्या हायत म्हणून."

जाईबाईंनी लाजून पदर सारखा केला.

रेवणप्पांनी पेन उचललं. "मंजूर लिहितो, मॅडम. पण कोर्टाला कारण पायजे. काय लिहू?"

"झालं तेच लिहा," मॅडम म्हणाल्या. "आजी थांबल्या, गाणं थांबलं."