भारी ठोका

नांदुऱ्याचे भगवानराव मास्तर इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत नापास झाले, ते एका शब्दापायी. ‘फोटोग्राफी’चे चारही तुकडे त्यांनी विटा रचाव्या तसे सारखे रचले आणि परीक्षा घेणारा साहेब हसला. यंदा पुन्हा जायचं, म्हणून ओट्यावर बसून ते तोच शब्द घोकत होते. अंगणात गादीचा कापूस पिंजणाऱ्या कादरभाईनं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि हात थांबवला.

“मास्तर, चारी खेपेले हनवटी सारखीच हालून राह्यली तुमची. साऱ्याच ठोक्याईले सारखा जोर देला तं कापूसबी फुलत नाही. एकच ठोका भारी पाह्यजे. कितवा?”

मास्तरांनी डिक्शनरीतली खूण पाहून दोन बोटं दाखवली. कादरभाईनं त्यांचा तळवा पिंजणाच्या लाकडावर ठेवला आणि त्याच्या ताणलेल्या तातीवर ठोके दिले. हलका, भारी, हलका, हलका. ‘फोटोग्राफिक’ला मास्तरांनी तीन बोटं दाखवली, तसा भारी ठोका एक घर पुढे सरकला.

परीक्षेत ते दोन्ही शब्द ऐकून साहेबानं चष्मा काढला. “इतका तयार कान! गुरू कोण तुमचे?”

“आमचा कादर पिंजारी,” मास्तर ताठ मानेनं म्हणाले. पुढचं सांगितलं असतं, तर साहेबाला ती थट्टाच वाटली असती. लहानपणी देवीच्या साथीत कादरभाईचे दोन्ही कान गेले होते.